लढाईवरून कारखान्यात

गावातला तरुण फौजेत निघाला की सारे गाव वेशीपर्यंत पोहोचवायला येते. पण तोच लढाईत कायमचा जखमी होऊन परत आला तर? त्याने पुढे काय करायचे? पोट कसे भरायचे? अशाच एका जवानाची हकीगत आज आपण वाचू.

त्यांचे नाव मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यात इस्लामपूरजवळ पेठ नावाचे गाव आहे. पेटकर मूळचे तिथले. ते फौजेत गेले, ते गाड्या, तोफा आणि यंत्रे दुरुस्त करणाऱ्या दलात. तिथे ते मुष्टियुद्धही खेळू लागले.

1965 साली भारत आणि पाकिस्तान यांच्यात युद्ध झाले. त्यात पेटकरांना गोळ्या लागल्या. एक गोळी पाठीच्या कण्यात अडकली. जीव वाचला, पण कमरेखालचे अंग लुळे पडले.

तुम्ही म्हणाल, गोळी लागली पाठीत, मग पाय का गेले? त्याचे कारण समजून घेऊ. खांबांवरून गेलेली टेलिफोनची तार आठवा. तार तुटली की दोन्हीकडची माणसे धडधाकट असूनही एकमेकांशी बोलू शकत नाहीत. आपल्या कण्याच्या पोकळीतून अशीच एक दोरी जाते. तिला मज्जारज्जू म्हणतात. 'चाल', 'ऊठ' हे मेंदूचे हुकूम तिच्यातूनच पायांना पोहोचतात. ती दुखावली की हुकूम वाटेतच अडतो. मग पाय शाबूत असले तरी हलत नाहीत.

पेटकरांचे पाय गेले. पण हात होते, छाती होती, आणि हिंमत होती. उपचार म्हणून ते पोहू लागले. विहिरीत पोहणाऱ्यांना ठाऊकच आहे, पाणी अंगाचा भार उचलून धरते. जमिनीवर जे शरीर जड वाटते, ते पाण्यात हलके होते. मग हातांच्या जोरावर पुढे सरकता येते.

अपंग खेळाडूंचे जागतिक सामने भरतात. त्यांना पॅरालिंपिक म्हणतात. 1968 साली इस्रायल देशात पेटकर टेबल टेनिस खेळले. 1972 साली जर्मनीत हायडेलबर्ग गावी ते पोहण्याच्या शर्यतीत उतरले. अंतर 50 मीटर, म्हणजे सुमारे 110 हात. ते त्यांनी 37.33 सेकंदांत कापले आणि सोन्याचे पदक जिंकले. पॅरालिंपिकमधले भारताचे ते पहिले सुवर्णपदक! जुन्या काळचे नामांकित क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी त्यांना परदेशी जाण्यासाठी मदत केली होती.

पण मंडळी, पदकाने चूल पेटत नाही. रोजची भाकरी कामातूनच मिळते. पेटकरांना पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी मिळाली. मालमोटारी बनवणारी ही मोठी कंपनी. 2003 साली तिचे नाव टाटा मोटर्स झाले.

"बसल्या माणसाला कारखान्यात कसले काम?" असे कोणी विचारील. अहो, कारखान्यात सगळी कामे उभ्यानेच थोडी होतात? मालाची मोजदाद असते, सुटे भाग तपासायचे असतात, हिशेब असतात, कागदपत्रे असतात. ही कामे बसूनही होतात. माणसाला काय येत नाही हे आपण आधी बघतो. काय येते हे आधी बघायला हवे.

सरकारने पेटकरांना 2018 साली पद्मश्री दिली. पदकानंतर तब्बल 46 वर्षांनी! 2025 च्या जानेवारीत अर्जुन पुरस्कारही मिळाला. मान मिळायला एवढा उशीर झाला. मधली सारी वर्षे त्यांना सांभाळले ते त्यांच्या जिद्दीने आणि कामाने.

जखमी जवानांसाठी पुण्याजवळ खडकी येथे दोन जुन्या संस्था आहेत. क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही 1917 साली सुरू झालेली संस्था अपंग जवानांना हातचा धंदा शिकवते. कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी 1974 साली पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र निघाले. तुमच्या माहितीत असा कोणी जवान असेल, तर त्याला हे जरूर सांगा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. कण्याला इजा लढाईतच होते असे नाही. झाडावरून पडून, विहिरीत पडून, गाडी उलटूनही होते. पडलेला माणूस "पाय बधिर झाले" किंवा "मान-पाठ फार दुखते" म्हणाला, तर त्याला बसवू नका. हातापायांना धरून उचलू नका. वाकड्या कण्याने मज्जारज्जू आणखी दुखावतो. लगेच दवाखान्याची गाडी बोलवा. ती येईपर्यंत डोके, मान आणि पाठ एका रेषेत धरून ठेवा. हलवणे भागच असेल, तर चारपाच जणांनी मिळून, अंग वाकू न देता, त्याला सपाट फळीवर घ्या.

एवढी खबरदारी घेतली, तर एखाद्याचे पाय वाचतील. आणि नाहीच वाचले, तर त्याला पेटकरांची ही गोष्ट वाचून दाखवा.