माळरानावरचा माळढोक

सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने निघालात, की सुमारे २० किलोमीटरवर नान्नज हे गाव लागते. गावाजवळ घनदाट जंगल नाही. आहे ते गवत, खडकाळ जमीन आणि मोकळे आकाश. नवख्या माणसाला वाटते, येथे पाहण्यासारखे काय आहे? पण दूरदूरचे पक्षिमित्र एका पक्ष्यासाठी येथे येत. तो पक्षी म्हणजे माळढोक.

माळढोक सुमारे एक मीटर उंच असतो. नराचे वजन १५ किलोपर्यंत भरते. इतका जड असूनही तो उडतो. मात्र झाडावर कधी बसत नाही. का, ठाऊक आहे? त्याच्या पायाला मागचे बोटच नसते. मग फांदी धरणार कशी? म्हणून त्याचे सारे आयुष्य जमिनीवर जाते. टोळ, भुंगे, सरडे, बोरे, धान्य हे त्याचे खाणे. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून घुमतो. त्या आवाजावरून त्याला ‘हूम’ असेही म्हणतात. उर्दूतला ‘तुगदार’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल; तो याच कुळातल्या पक्ष्यांचा. बाबर बादशहाने तर बाबरनाम्यात त्याच्या मांसाची तारीफ केली आहे. पुढे बंदुका आणि जीपगाड्या आल्या, तेव्हा ही चव त्याला फार महाग पडली.

मादी वर्षातून बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. सुमारे २७ दिवस ती एकटीच ते उबवते. तेवढ्यात एखाद्या कुत्र्याने ते पळवले किंवा गुराचा पाय पडला, की संपले!

१९७९ साली येथे माळढोक अभयारण्य झाले. क्षेत्र होते ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावे आली, शेतेही आली. जमिनीची खरेदी-विक्री अवघड झाली, तेव्हा शेतकरी पक्ष्यावरच चिडले. त्यांचे सगळेच चुकले असे म्हणता येत नाही. पुढे हे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. पण दरम्यान कालव्याचे पाणी आले, ऊस आला, माळ नांगरले गेले. काही माळांवर तर चांगल्या हेतूने झाडे लावली गेली. झाडे लावणे वाईट कसे, असे तुम्ही विचाराल. अहो, माळढोकाला सावली नको असते. दूरवरचा शत्रू दिसेल असे मोकळे रान हवे असते. विजेच्या तारांचेही तसेच. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे समोरची तार त्याला नीट दिसत नाही. दिसली तरी एवढे जड शरीर चटकन वळत नाही.

आज भारताच्या रानांत जेमतेम दीडशे माळढोक उरले असावेत, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात आहेत. नान्नजला गेल्या काही वर्षांत एखाद-दुसराच दिसला. राजस्थानात जैसलमेरजवळ २०१९ पासून त्याची अंडी उबवून पिल्ले वाढवली जातात. २०२४ साली तेथे कृत्रिम रेतनाने पहिले पिल्लू जन्मले. ही पिल्ले कधीतरी रानात सोडायची, तर त्यांच्यासाठी गवताचे माळ शिल्लक हवेत. नान्नजला असा माळ अजून आहे. त्यावर काळविटांचे कळप चरताना दिसतात.