नगरची तोफ कशी थिजली?

विजापूरला गेलेला माणूस मुलूखमैदान तोफ पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. पण ही तोफ आपल्या नगरची लेक आहे, हे नगरकरांनाही सांगावे लागते. १५४९ साली, बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, महंमद बिन हसन रूमी या तुर्की ओतकाराने ती अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला ओतली. लांबी चौदा फुटांहून अधिक, नळीचे तोंड २८ इंच, वजन सुमारे ५५ टन. तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात सापडलेला हत्ती. लोक हत्ती पाहून पुढे जातात. मला प्रश्न पडतो तो वेगळाच : एवढा वितळलेला धातू निवला कसा असेल?

मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. पण याचे उत्तर देणारा प्रयोग अगदी साधा आहे. मुशीत शुद्ध कथील वितळवायचे, त्यात तापमापक ठेवायचा आणि दर अर्ध्या मिनिटाला आकडा टिपायचा. पारा उतरत उतरत २३२ अंश सेल्सिअसला येतो आणि तिथेच थांबतो. धातू घट्ट होताना आतली उष्णता बाहेर टाकत असतो, म्हणून तापमान हलत नाही. सगळे कथील थिजले, की उतरण पुन्हा सुरू.

आता ८० भाग शिसे आणि २० भाग कथील घ्या. हे मिश्रण एका ठिकाणी थांबत नाही. सुमारे २८० अंशांवर त्यात शिशाचे कण धरू लागतात, उरलेला द्रव अधिकाधिक कथीलयुक्त होत जातो आणि शेवटचा थेंब १८३ अंशांवर थिजतो. मधल्या काळात मुशीत ना पाणी ना दगड, नुसता लगदा! जुन्या रेडिओच्या पोटातले डाख ६० टक्के कथिलाचे असत, कारण त्या प्रमाणात हा लगद्याचा काळ जवळजवळ उरतच नाही.

मुलूखमैदानात सुमारे ८० टक्के तांबे, २० टक्के कथील आहे. शुद्ध तांबे १०८५ अंशांवर थिजते. हे मिश्रण मात्र ९०० च्या आसपास थिजू लागते आणि ८०० च्या जवळ येईपर्यंत लगदाच असते. तोफेची भिंत अंदाजे सव्वा फूट जाड. साच्याला टेकलेला भाग आधी घट्ट होणार, आतला मागून. थिजताना धातू आकसतो. त्या वेळी वरून नवा रस पोचला नाही, तर आत पोकळ्या राहतात. बाहेरून नक्षी सुरेख दिसेल, पण बार उडताना नळी तिथेच फुटेल आणि मरतील ते आपलेच गोलंदाज.

त्यातून, तोफेला कथील साधारण दहा टक्के पुरते. वीस टक्के हे घंटेचे प्रमाण. धातू कठीण होतो, पण ठिसूळही. रूमीने भिंत इतकी जाड ठेवली ती याच धास्तीने, असे मला वाटते. तापमापक नसताना रसाचा रंग आणि त्याची धार पाहून तो हे सारे जोखत असणार.

पुढे सतराव्या शतकात तोफ विजापूरला गेली. शेरझा बुरुजावर ती आजही आहे. हाताने ठोकली, तर घंटेसारखी वाजते.