‘चक दे’ नुसतं जिंकण्याचं गाणं नाही

वरळीच्या बीडीडी चाळीत मॅच रंगली की पोरांना ‘चक दे इंडिया’ हवंच. पण या गाण्यामागची गोष्ट हरण्यापासून सुरू होते. २००७ च्या सिनेमातला कबीर खान पाकिस्तानविरुद्ध पेनल्टी चुकतो आणि लगेच गद्दार ठरतो. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये भारत पाकिस्तानकडून १-७ हरला, तेव्हा गोलकीपर मीररंजन नेगींवरही असाच आळ आला होता. याच नेगींनी पुढे सिनेमातल्या मुलींना हॉकी शिकवली. नेगी तर मुसलमान नव्हते! म्हणजे बघा, संशयाला कुणीही चालतं. कबीरला नावाचं ओझं वेगळं. मुलांना एवढं जरूर सांगा: कॅच सुटला तर प्रॅक्टिसवर बोला, कुणाच्या इमानावर नाही.