सात किलोत सहा दिवस: फक्त हँड बॅग घेऊन सहकुटुंब केरळ

सुट्टी जाहीर झाली की आपल्या घरांत आधी तिकिटं निघतात आणि मग माळ्यावरच्या मोठ्या बॅगा. पाच माणसं, सहा दिवस आणि चार बॅगा. वर चिवड्याचा डबा, उशी, इस्त्री आणि "लागलं तर असू द्या" म्हणून घेतलेल्या दहा वस्तू. सहलीला निघालोय की घर बदलतोय, तेच कळत नाही!

आम्हीही असेच जायचो. मग दोन वर्षांपूर्वी एका लग्नासाठी विमानाने हैदराबादला गेलो. आम्ही पोहोचलो, पण एक बॅग आलीच नाही. नेमकी तीच, जिच्यात अम्मींचं इन्सुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी होती. रात्रीचे साडेनऊ वाजलेले. मेडिकलवाला चिठ्ठी मागत होता आणि चिठ्ठी त्या बॅगेत! शेवटी घरी धाकट्या भावाला उठवलं, त्याने जुन्या चिठ्ठीचा फोटो पाठवला, तेव्हा कुठे औषध मिळालं. बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी आली. अल्लाहचा शुक्र, अम्मींना काही झालं नाही. पण ती रात्र आम्ही विसरलो नाही.

त्यानंतर केरळला गेलो तेव्हा ठरवलं की चेक-इन बॅग घ्यायचीच नाही. कसं जमवलं, ते सांगते.

आधी नियम समजून घ्या

देशांतर्गत विमानात साधारणपणे माणशी एक हँड बॅग आणि तिचं वजन ७ किलोपर्यंत चालतं. मापही ठरलेलं असतं, बऱ्याच कंपन्यांत ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर. त्यासोबत लेडीज पर्स किंवा लॅपटॉपची छोटी बॅग बहुतेक कंपन्या चालवून घेतात. तरी आपल्या तिकिटावर काय लिहिलंय ते वाचा. मांडीवरच्या बाळासाठी वेगळी बॅग मिळते की नाही, हेही कंपनीनुसार बदलतं. काही कंपन्या फक्त हँड बॅगेचं तिकीट थोडं स्वस्त देतात. पण तशा तिकिटावर काउंटरवर वजन जास्त भरलं, तर वाचलेले पैसे तिथेच जातात.

आता हिशोब बघा. पाच माणसांचे ३५ किलो झाले. हे कमी नाही. कमी पडतं ते आपण भलत्याच वस्तू भरतो म्हणून.

वजन कुठे जातं?

पहिला चोर म्हणजे बॅगच. चाकांची ट्रॉली रिकामी असतानाच अडीच-तीन किलो भरते. साधी पाठीवरची सॅक एक किलोच्या आत असते. तरुणांनी सॅक घ्यावी, ट्रॉली फक्त ज्यांना पाठीवर ओझं नको त्यांच्यासाठी.

दुसरा चोर जीन्स. एक जीन्स सहा-सातशे ग्रॅमची, आणि केरळच्या दमट हवेत धुतली तर दोन दिवस वाळत नाही. तिसरा म्हणजे जाड टॉवेल. त्याऐवजी पंचा घ्या, सकाळी वापरला की दुपारी कोरडा.

माझ्या बॅगेचा हिशोब असा झाला: सॅक ९०० ग्रॅम, कपडे ३ किलो, चप्पल ३०० ग्रॅम, साबण-ब्रश वगैरे ५०० ग्रॅम, चार्जर आणि पॉवर बँक ६०० ग्रॅम, औषधं ३०० ग्रॅम. एकूण ५ किलो ६०० ग्रॅम. म्हणजे परतीच्या खरेदीला जवळपास दीड किलो शिल्लक.

वजन करायला वेगळा काटा लागत नाही. घरच्या वजनकाट्यावर आधी नुसते उभे राहा, मग बॅग घेऊन. फरक म्हणजे बॅगेचं वजन.

कपडे किती?

सहा दिवसांना सहा जोड लागत नाहीत, चार पुरतात. एक अंगावर, तीन बॅगेत. रात्री बाथरूममध्ये एक जोड धुवायचा. पातळ कपडा पंख्याखाली सकाळपर्यंत बराचसा वाळतो.

अबाया वापरत असाल तर दोन पुरेत, गडद रंगाचे आणि न चुरगळणारे. आत साधा कुर्ता चालतो, त्यामुळे उलट आपलं ओझं कमीच होतं. दुपट्टे तीन. मुन्नार दीड हजार मीटरपेक्षा उंचावर आहे, संध्याकाळी गारठा असतो. पण त्यासाठी जाड जॅकेट नको. पातळ स्वेटर आणि त्यावर विंडचीटर असे दोन थर पुरतात. विमानात चढताना हेच अंगावर घाला आणि बूट पायात. सगळ्यात जड वस्तू अंगावर गेल्या की बॅग आपोआप हलकी होते.

जानमाज पाच नकोत. पातळ, घडीच्या दोन घ्या, आळीपाळीने नमाज होते. प्रवासात कसर असते, वेळही फार लागत नाही.

हे बॅगेत नको

फळं कापायची सुरी, कात्री, सुट्टे ब्लेड, लायटर, काडेपेटी यांपैकी काहीही हँड बॅगेत चालत नाही. दादी-नानींचा अडकित्ताही घरीच ठेवा, नाहीतर सिक्युरिटीवाले काढून घेतील आणि नंतर घरात सगळ्यांना ऐकून घ्यावं लागेल. परदेशी जाताना तर पातळ पदार्थांची प्रत्येक बाटली १०० मिलिलिटरच्या आत आणि सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत लागतात. लोणचं, जाम, चटणी, तूपही त्यातच मोजतात. अत्तराची छोटी कुपी बिनधास्त न्या.

पॉवर बँकेचं मात्र उलटं आहे. ती हँड बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये कधीच नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची सहसा चालते. २०,००० एमएएचची साधारण ७४ भरते, त्यामुळे अडचण येत नाही.

खाण्याचे डबेही नेऊ नका. कोचीत हलाल जेवण सहज मिळतं. मुलांसाठी थोडा सुका खाऊ पुरे.

औषधांचा एकच नियम

औषध आणि चिठ्ठी नेहमी हातात, वरच्या खणातही नको, सीटखाली पायाशी. चिठ्ठीचा फोटो दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. इन्सुलिन तर चेक-इनमध्ये कधीच देऊ नका. बॅग हरवण्याचा धोका असतोच, शिवाय विमानाच्या खालच्या भागात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं.

फायदा कुठे कळला?

कोची, मुन्नार, थेक्कडी, अलप्पुळा असा प्रवास म्हणजे जवळजवळ रोज नवी खोली. पाचही जणांच्या बॅगा एकाच गाडीत मावल्या, टपावर काही बांधावं लागलं नाही. हाउसबोटीत चढताना मुलांनी आपापली सॅक पाठीवर घेतली. एरवी त्यांचे अब्बू सगळी सहल सामान मोजत बसायचे. या वेळी पहिल्यांदाच ते मुलांसोबत पाणी बघत बसले.

परतताना केळ्याचे वेफर्स आणि मसाले मोह घालतात. मसाले घ्या, ते हलके असतात. बाकी जास्तच घेतलं तर पोस्टाने पार्सल करा.

हे सगळ्यांनाच जमेल असं नाही. तान्हं बाळ असेल, लग्नाला जायचं असेल, बॅग उचलून वर ठेवणं जमत नसेल, तर एखादी बॅग खुशाल चेक-इन करा. फक्त ती नाही आली तरी पहिली रात्र निभावेल, इतकं सामान हातात ठेवा. आणि बॅग आली नाही तर विमानतळातून बाहेर पडण्याआधी काउंटरवर लेखी तक्रार करून तिची प्रत घ्या.

पुढच्या सुट्टीत बॅग भरताना प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारा, ही तिथे मिळणार नाही का? साबण मिळेल, छत्री मिळेल, खाऊ मिळेल. अम्मींची औषधं तेवढी रात्री साडेनऊला सहज मिळणार नाहीत. ती आधी भरा.