धावपट्टीचे मोल

सामान्य लढाऊ विमान आपला भार पंखांवर तोलते. धावपट्टीवर पुरेसा वेग आला म्हणजे पंखांवरून वाहणारी हवाच त्यास उचलते. एंजिनाने केवळ पुढे रेटावयाचे असते. जागच्या जागी उभे वर चढणाऱ्या विमानास ही सवलत नाही. त्याचे सारे वजन एंजिनाच्या झोतानेच पेलावे लागते. साहजिकच इंधन व शस्त्रे यांत काटछाट करणे भाग पडते.

१९६९ मध्ये ब्रिटिश वायुदलात आलेल्या हॅरियर विमानात झोताची चार तोंडे खाली वळविण्याची योजना होती. तथापि जड भार असता तेही थोडे धावूनच उडे आणि इंधन संपून हलके झाल्यावर उभे उतरे.

ही काटछाट किती असते? अमेरिकेच्या एफ-३५ विमानाचे दोन प्रकार ताडून पाहू. धावपट्टीवरचा ‘ए’ प्रकार पोटात सुमारे ८,२८० किलोग्रॅम इंधन नेतो. उभा उतरणारा ‘बी’ सुमारे ६,०५० किलोग्रॅमच नेतो, कारण उचलणाऱ्या पंख्याने जागा अडविलेली असते. शिवाय ‘बी’ची किंमतही अधिक आहे.

मग हा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर १९८२ च्या फॉकलंड युद्धात मिळते. ब्रिटनने आपली शेवटची मोठी विमानवाहू नौका १९७९ मध्येच सेवेतून काढली होती आणि असेन्शन बेटावरील तळ सहा हजार किलोमीटरांहून दूर होता. अशा वेळी लहान नौकांवरून उडणाऱ्या सी हॅरियरांनी शत्रूची सुमारे २० विमाने पाडली. हवाई झुंजीत स्वतःचे एकही गमावले नाही. मात्र इंधन थोडे, म्हणून गस्तही अल्पकाळची; ब्रिटनच्या अनेक नौका बुडाल्याच.

त्या युद्धातील ‘हर्मिस’ नौका १९८७ मध्ये ‘विराट’ या नावाने भारतीय नौदलात आली. गोव्याच्या ‘हंसा’ तळावर सी हॅरियर १९८३ पासून होतीच. २०१६ मध्ये ती निवृत्त झाली आणि त्यांचे कार्य मिग-२९के या विमानांकडे आले. ही विमाने अधिक वेगवान. परंतु त्यांना उतरताना अडवून धरणाऱ्या तारा व लांब डेक असलेली मोठी नौका लागते.

तात्पर्य, विमानाची किंमत एकट्या विमानावरून ठरत नाही. त्याच्या धावपट्टीचा अथवा नौकेचा खर्चही त्याच खात्यात मांडावा लागतो. धावपट्टी सुरक्षित असेल तेथे सामान्य विमानच किफायतशीर; ती नसेल तेथे थोडा भार नेणारे विमानही अमोल ठरते.