एक धातू, अनेक शब्द : इंग्रजीतील ‘मिट्’-कुलाची रचना आणि मराठी परिभाषेचा प्रश्न

इंग्रजी शब्दाचे उपसर्ग, मूल आणि प्रत्यय असे तीन घटक पाडून त्यावरून त्याचा अर्थ सांगण्याची अध्यापनपद्धती महाविद्यालयीन वर्गांत दीर्घकाळ रूढ आहे. संस्कृत व्याकरणाशी परिचित असलेल्या मराठी अभ्यासकाला ती सहज पटते. कारण धातू, उपसर्ग आणि कृत्-तद्धित प्रत्यय ही चौकट त्याच्या परिचयाची असते. तथापि या पृथक्करणाने शब्दाची घटना कळते की त्याचा अर्थ कळतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मराठीतील परिभाषानिर्मितीच्या दृष्टीनेही तो महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एका शब्दकुलाच्या आधारे करावयाचा आहे.

(१) ‘मिट्’-कुलाचे स्वरूप

लॅटिन भाषेतील ‘मित्तेरे’ या धातूचा अर्थ ‘पाठविणे, सोडणे’ असा आहे. त्यापासून इंग्रजीत ट्रान्समिट, इमिट, अ‍ॅडमिट, पर्मिट, सबमिट, ओमिट, रिमिट आणि कमिट ही क्रियापदे आली. मिशन, मिसाइल, प्रॉमिस, प्रेमिस, कॉम्प्रमाइज हे शब्दही याच कुलातील होत. ‘मेसेज’ हा शब्द फ्रेंचमार्गे आला असला तरी त्याचे मूळही येथेच आहे.

यांतील काही शब्दांत घटकांच्या बेरजेने अर्थ निष्पन्न होतो. ‘ट्रान्स’ म्हणजे पलीकडे. म्हणून ट्रान्समिट म्हणजे पलीकडे पाठविणे. इमिट म्हणजे बाहेर सोडणे. परंतु पुढे ही बेरीज चुकू लागते. ‘कम्’ म्हणजे एकत्र. मग कमिट म्हणजे एकत्र पाठविणे असे म्हणावे, तर आजच्या इंग्रजीत या क्रियापदाचे अर्थ अपराध करणे, कोणाच्या स्वाधीन करणे, स्वतःस बांधून घेणे असे आहेत. पर्मिट या शब्दात ‘पाठविणे’ शोधूनही सापडत नाही. लॅटिन भाषेच्या इतिहासात या अर्थांतरांची संगती लावता येते. पण तो इतिहास इंग्रजी बोलणाऱ्याच्या मनात नसतो.

(२) अर्थ हरपलेला, रूप टिकलेले

येथे एक शंका उपस्थित होते. घटकाला निश्चित अर्थ नसेल तर त्याला रूपिका तरी का म्हणावे? मार्क अ‍ॅरोनॉफ यांनी १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वर्ड फॉर्मेशन इन जनरेटिव्ह ग्रामर’ या ग्रंथात नेमका हाच प्रश्न चर्चिला आहे. त्यांचे उत्तर असे की, ‘मिट्’ची ओळख अर्थावरून पटत नसली तरी त्याच्या रूपवर्तनावरून पटते. ‘-इअन’ हा नामसाधक प्रत्यय लागताना ‘मिट्’चे ‘मिस्’ होते : पर्मिशन, सबमिशन, ओमिशन, ट्रान्समिशन. ‘-इव्ह’ प्रत्ययापूर्वीही तेच घडते : पर्मिसिव्ह, सबमिसिव्ह. अर्थ कोणताही असो, विकार एकच.

या निकषाची सत्यता दुसऱ्या बाजूने तपासता येते. ‘लिमिट’ या शब्दाच्या अंतीही ‘मिट्’ ऐकू येते. परंतु त्याचे नाम ‘लिमिटेशन’ असे होते, ‘लिमिशन’ असे होत नाही. कारण लिमिटचा ‘मित्तेरे’शी संबंध नाही. समिट आणि हर्मिट या शब्दांचीही तीच गोष्ट. अंत्यध्वनी सारखा असला म्हणजे कुल एक असते असे नाही. असाच भास ‘आउटरेज’ या शब्दात होतो. तो ‘आउट’ आणि ‘रेज’ यांचा समास वाटतो. वास्तविक तो ‘पलीकडे’ या अर्थाच्या शब्दाला ‘-एज’ प्रत्यय लागून फ्रेंचमध्ये सिद्ध झालेला आहे.

‘मिट्’चे ‘मिस्’ होणे हा लॅटिनमधील संधिविकाराचा अवशेष आहे. संस्कृतात बुध् धातूला ‘त’ प्रत्यय लागून ‘बुद्ध’ आणि दह् धातूला लागून ‘दग्ध’ होते, तशाच जातीचा हा प्रकार होय. मराठी भाषक त्याग–त्यक्त, दहन–दग्ध, वचन–उक्ती या जोड्या सिद्ध रूपात शिकतो. नियम संस्कृताचा; मराठीत उरल्या त्या केवळ जोड्या. इंग्रजीचे लॅटिनशी असलेले नातेही असेच आहे.

(३) उपसर्गाचा अर्थ : एक जुना वाद

उपसर्गांना स्वतंत्र अर्थ असतो की नाही, हा वाद भारतीय परंपरेत प्राचीन आहे. यास्काच्या निरुक्तात शाकटायन आणि गार्ग्य यांची मते नोंदविली आहेत. शाकटायनाच्या मते, नाम वा आख्यातापासून सुटे केलेले उपसर्ग निश्चित अर्थ सांगत नाहीत. गार्ग्याच्या मते त्यांना विविध अर्थ असतात. उपसर्ग धातूचा अर्थ बळेच अन्यत्र नेतो, ही व्याकरणपरंपरेतील प्रसिद्ध उक्ती हृ धातूच्या उदाहरणानेच समजावली जाते. प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे शब्द मराठी वाचकास सुपरिचित आहेत.

मात्र येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. संस्कृतात ‘हरति’ हे स्वतंत्र क्रियापद आहे. त्यामुळे ‘नेणे’ हा मूलार्थ सदैव समोर असतो. मराठीत ‘हरणे’ या क्रियापदाचा रूढ अर्थ ‘पराभूत होणे’ असा आहे, आणि आहार वा परिहार या शब्दांशी त्याचा संबंध सामान्य भाषकास जाणवत नाही. ‘मित्तेरे’ लॅटिनमध्ये स्वतंत्रपणे वावरत होते. इंग्रजीत ‘मिट्’ बद्ध झाले. तात्पर्य, तुलना करावयाची ती इंग्रजीची संस्कृताशी नव्हे, तर मराठीशी. दोन्ही भाषांनी अभिजात भाषांतील शब्दकुले उचलली. त्यांची जननशक्ती मात्र पूर्णांशाने उचलली नाही.

(४) प्रत्यय : सजीव आणि निर्जीव

प्रत्ययांची स्थिती थोडी निराळी आहे. ‘-एबल’ हा प्रत्यय लॅटिन-फ्रेंच परंपरेतून आला. पण ‘ड्रिंक’ व ‘रीड’ या अस्सल जर्मानिक धातूंना लागून त्याने ड्रिंकेबल, रीडेबल हे शब्द घडविले. परका प्रत्यय देशी प्रकृतीला लागू लागला की तो त्या भाषेचा झाला असे समजावे. मराठीत फारसी ‘-दार’ प्रत्ययाने टोकदार, धारदार, पाणीदार हे शब्द घडविले. उलट ‘-की’ हा मराठीत रुळलेला प्रत्यय मास्तर, डॉक्टर या परक्या प्रकृतींना लागून मास्तरकी, डॉक्टरकी हे शब्द सिद्ध झाले. ‘मिट्’ला नवा उपसर्ग जोडून इंग्रजी भाषक आज सहजासहजी नवे क्रियापद बनवीत नाही.

प्रत्ययभेदाने अर्थभेद साधण्याचे सामर्थ्य ‘कमिट’च्या साधित शब्दांत विशेष दिसते. कमिशन, कमिटी, कमिटल, कमिटमेंट हे चारही शब्द एकाच क्रियापदाच्या परिवारातील असून प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे आहे. एकाच प्रकृतीवरून प्रत्ययाच्या बळावर संकल्पना विभागून घेणे, हा या रचनेचा खरा लाभ होय.

(५) मराठी परिभाषेपुढील प्रश्न

इंग्रजी उपसर्गास संस्कृत उपसर्ग आणि मूलास धातू योजावा, ही दिशा डॉ. रघुवीर यांनी आग्रहाने पुरस्कारिली. १९६० साली महाराष्ट्रात भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतर मराठी परिभाषेच्या कार्यास शासकीय अधिष्ठान लाभले. घटकास घटक योजण्याची ही पद्धती कोठे यशस्वी होते, ते ‘ट्रान्समिशन’साठी रूढ झालेल्या ‘पारेषण’ या शब्दात दिसते. पार म्हणजे पलीकडे, एषण म्हणजे धाडणे. प्रेषक, प्रेषित, संप्रेषण या शब्दांशी त्याचे नाते उघड आहे. वीजवहनाच्या संदर्भात हा शब्द आता सर्वपरिचित आहे.

परंतु याच कुलातील अन्य शब्दांची मराठी रूपे पाहावीत. पर्मिशनला परवानगी, अ‍ॅडमिशनला प्रवेश, कमिशनला आयोग, कमिटीला समिती आणि कमिटमेंटला बांधिलकी. इंग्रजीत एकाच कुलात असलेले हे शब्द मराठीत फारसी, संस्कृत व देशी अशा भिन्न घरांत विखुरले आहेत. हे वैगुण्य मानण्याचे कारण नाही. ‘कमिटमेंट’चे घटकशः भाषांतर केले असते तर ‘एकत्र धाडण्या’चा वाचक असा शब्द हाती आला असता. ‘बांधील’ या शब्दास ‘-की’ प्रत्यय लावून घडलेला ‘बांधिलकी’ हा शब्द मात्र साहित्यसमीक्षेत पूर्णतः रुजला. तो मूळ धातूचा नव्हे, तर रूढ अर्थाचा अनुवाद आहे.

याच्या उलट उदाहरणही उद्बोधक आहे. इंग्रजीतील ‘लॉ’ हा शब्द स्कँडिनेव्हियन मूळाचा आणि ‘लीगल’ लॅटिन. दोहोंचे साम्य वरवरचे आहे. विधेयकासाठी असलेला ‘बिल’ हा शब्द तर सर्वस्वी निराळा. मराठीत मात्र विधी, वैध, अवैध, विधेयक, विधिमंडळ हे शब्द ‘वि’ उपसर्गपूर्वक धा धातूचे एकच कुल आहे. येथे मराठीची रचना इंग्रजीहून अधिक सुसंगत ठरते.

(६) समारोप

सोळाव्या शतकात इंग्रजीतही लॅटिन शब्दांविरुद्ध प्रतिक्रिया उमटली होती. सर जॉन चीक यांनी मॅथ्यूच्या शुभवर्तमानाच्या अनुवादात देशी घडणीचे शब्द योजले. राल्फ लिव्हर यांनी १५७३ मध्ये तर्कशास्त्राला ‘विटक्राफ्ट’ असे नाव दिले. हे शब्द घटकदृष्ट्या अत्यंत पारदर्शक होते. तरीही ते टिकले नाहीत. ‘लॉजिक’ हा अपारदर्शक शब्द टिकला. पारदर्शकता शब्दाला जन्म देताना उपयोगी पडते. त्याचे आयुष्य वापरावर अवलंबून असते.

यावरून दोन्ही टोकांची मते अपुरी ठरतात. संस्कृतोद्भव परिभाषा घटकशः उलगडते म्हणून ती सुलभच असते, हे म्हणणे जसे अपुरे, तसेच ती बोलीतून आलेली नाही म्हणून ती दुर्बोधच राहणार, हेही अपुरे. अध्यापनाच्या दृष्टीने निष्कर्ष असा की, शब्दकुलाची ओळख विद्यार्थ्यास अवश्य करून द्यावी. मात्र ती शब्दांचे परस्परसंबंध आणि रूपविकार दाखविण्यासाठी. शब्दाचा अर्थ निश्चित करण्याचे काम प्रयोगाकडे, म्हणजेच वाक्याकडे, सोपविणे अधिक श्रेयस्कर होय.