आगंतुकांचा हास्योत्सव

आमंत्रणावाचून पंगतीला येऊन बसणाऱ्याला आपण आगंतुक म्हणतो. स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो येथे असे आगंतुक आले आणि पाहता पाहता यजमानाहून मोठे झाले, त्याची ही हकीकत आहे.

महायुद्धानंतर १९४७ साली तेथे आंतरराष्ट्रीय कलामहोत्सव सुरू झाला. आठ मंडळ्या न बोलावता आल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी आपले खेळ लावले. पुढल्या वर्षी रॉबर्ट केम्प या नाटककाराने लिहिताना या प्रकाराला 'फ्रिंज', म्हणजे काठाची झालर, म्हटले. ते नाव चिकटले ते कायमचेच. १९५८ साली या मंडळींची संस्था निघाली. कोणाचा खेळ घ्यावा नि कोणाचा नको, हे संस्थेने पाहावयाचे नाही, असा तिचा दंडक. तो आजतागायत टिकला आहे. जागा मिळवावी, नोंदणीचे पैसे भरावे आणि उभे राहावे!

प्रारंभी सारा भर नाटकांवर होता. १९६० साली चार तरुणांनी 'बियॉन्ड द फ्रिंज' हा खेळ करून पंतप्रधानांपासून पाद्र्यापर्यंत सर्वांची टर उडविली. मौज अशी, की नावात झालर असली तरी हा प्रयोग मूळ महोत्सवाने बोलावलेला होता. १९८१ पासून विनोदाला स्वतंत्र पारितोषिक मिळू लागले आणि २००८ साली कार्यक्रमपत्रिकेत विनोदी खेळांची संख्या प्रथमच नाटकांच्या पुढे गेली.

हे विनोदी खेळ म्हणजे बहुधा एक माणूस, एक ध्वनिक्षेपक आणि तासाभराचे बोलणे. पु. ल. देशपांडे यांची १९६१ ची 'बटाट्याची चाळ' ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे नवल वाटणार नाही. पण तेथे पात्रे उभी करण्यापेक्षा स्वतःची फजिती सांगण्याकडे ओढा अधिक. वसंतात नि उन्हाळ्याच्या आरंभी हे लोक लहानसहान ठिकाणी कच्चा मजकूर म्हणून पाहतात. जेथे हशा येत नाही ते वाक्य गळते. ऑगस्टात पक्का झालेला तास घेऊन ते एडिंबरोला येतात. तीन-साडेतीन आठवडे, तीन हजारांवर खेळ. दारूचे गुत्ते, चर्चची दालने, विद्यापीठाचे वर्ग, काही म्हणून मोकळे राहत नाही. एकाच खोलीत दर तासाला नवा माणूस उभा राहतो, आणि दुपारी तोच रॉयल माइल रस्त्यावर आपली पत्रके वाटताना दिसतो.

दार सर्वांना उघडे, हे खरे. पण निवड होत नाही असे मात्र कोणी समजू नये. ती पैसा करतो. ऑगस्टात तेथले घरभाडे आभाळाला भिडते. जागेचा मालक पुष्कळदा ठराविक उत्पन्नाची हमी मागतो. प्रेक्षक आले नाहीत तर खोट नटाच्या पदरी. गरिबाघरचा गुणी पोरगा घरीच राहतो आणि त्याला कोणी नाकारले असेही कोठे नोंदले जात नाही. यावर तोड म्हणून १९९६ पासून पीटर बकली हिल यांनी फुकट खेळांची चाल पाडली. गुत्तेवाला खोली देतो, तिकीट नाही, आणि शेवटी नट स्वतः दाराशी बादली घेऊन उभा राहतो.

आपल्यापैकी कोणी जाणार असेल तर अशा एखाद्या बादलीच्या खेळाला अवश्य जावे. मात्र पहिल्या रांगेत बसू नये. तुम्ही कोठले, काय करता, हे विचारल्यावाचून तो माणूस सोडत नाही.